कार्बनच्या धाग्यांत वीज किती मावते? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात कार्बन नॅनोफायबरबद्दल लिहिलं होतं. केसापेक्षा शंभर-दोनशे पट बारीक असे कार्बनचे धागे, त्यांची काळी पातळ चादर, आणि ती सुपरकपॅसिटरमध्ये (वीज झटकन साठवणाऱ्या आणि झटकन सोडणाऱ्या साधनात) इलेक्ट्रोड म्हणून कशी बसते, असा तो विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही आज घेते. नाव छापू नका असं काहींनी कळवलंय, म्हणून कुणाचंच नाव दिलेलं नाही.

प्रश्न : मॅडम, मी नागपूरले सक्करदऱ्यात ई-रिक्षा चालवतो. रातभर चार्जिंगले लावतो तरी दुपारी चार वाजता गाडी दम सोडते. पोरानं मोबाईलवर दाखवलं का कार्बनच्या धाग्याची बॅटरी दोन मिनिटात फुल होते. माझ्या गाडीले लागन का? कुठं भेटन?

भाऊ, आधी सरळ उत्तर देते. पोरानं दाखवलेली ती 'बॅटरी' म्हणजे सुपरकपॅसिटर. बॅटऱ्या काढून त्यांच्या जागी सुपरकपॅसिटर बसवता येणार नाही. का, ते हिशेबानेच पाहू.

तुमच्या गाडीत बहुधा १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या असतील, साधारण १०० अँपिअर-तासाच्या. चारही मिळून ४.८ किलोवॅट-तास, म्हणजे घरच्या मीटरवरची जवळपास पाच युनिटं. आता बाजारात मिळणारा मोठा सुपरकपॅसिटर घ्या. ३००० फॅरडचा (फॅरड म्हणजे वीज साठवण्याच्या क्षमतेचं, धारितेचं माप), २.७ व्होल्टचा, वजन अर्धा किलो. त्यात किती ऊर्जा मावते ते काढायचं सूत्र असं : फॅरड गुणिले व्होल्टचा वर्ग, आणि त्याचं अर्धं. उत्तर येतं सुमारे १०,९०० ज्यूल. ऐकायला आकडा दांडगा आहे, पण वॅट-तासात मांडला तर जेमतेम ३. तुमच्या चार बॅटऱ्यांची बरोबरी करायची तर असे १,६०० सेल लागतील आणि त्यांचं वजन होईल ८०० किलो. मग सवाऱ्या बसवायच्या कुठे?

दोन मिनिटांचंही बघा. पाच युनिटं दोन मिनिटांत भरायची तर १४४ किलोवॅटचा पुरवठा लागतो. घरचं कनेक्शन तीन-चार किलोवॅटचं असतं.

पोरानं दाखवलं ते खोटं नव्हतं. सुपरकपॅसिटर खरंच काही सेकंदांत भरतो आणि लाखो वेळा भरला-उपसला तरी फारसा झिजत नाही. पण त्यात मावतं थोडं, म्हणून लवकर भरतं. व्हिडिओत नखाएवढा सेल एखादा दिवा पेटवतो तेव्हा ही अर्धी गोष्ट सांगायची राहून जाते.

त्याचा तुमच्या कामाचा उपयोग वेगळा आहे. सिग्नलवरून भरल्या गाडीनं निघताना किंवा पुलाच्या चढावर मोटर एकदम जास्त करंट ओढते. तो झटका लेड-ॲसिडला सोसत नाही. बॅटरीच्या जोडीला सुपरकपॅसिटरची माळ असेल तर झटका ती घेते आणि बॅटरी जास्त टिकते. पण ४८ व्होल्टचा पॅक चार्ज होताना ५७-५८ व्होल्टपर्यंत चढतो. म्हणजे जरा मोकळीक ठेवून २४ सेल एका ओळीत हवेत, बारा किलो वजन, आणि प्रत्येक सेलवर बॅलन्सिंगचं, म्हणजे सगळ्यांचं व्होल्टेज सारखं ठेवणारं, सर्किट. शिवाय रिकामा सुपरकपॅसिटर भरल्या बॅटरीला थेट जोडणं म्हणजे शॉर्ट सर्किटच. ठिणगी उडते, वायर वितळते. गॅरेजमध्ये कुणी 'लावून देतो' म्हणालं तर कृपा करून नाही म्हणा.

चार वाजता दम सोडण्याचं कारण मला वेगळंच वाटतं. भाड्यावरून आल्या आल्या चारही बॅटऱ्यांचं व्होल्टेज एकेक करून मोजून घ्या. चारातली एक कमजोर असली तरी अख्खी गाडी बसते. आणि उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर आठवड्याला पाहा. आपल्याकडच्या मे महिन्यात ते पाणी डोळ्यांदेखत कमी होतं.

प्रश्न : मी नववीत आहे, महालमध्ये राहते. सुपरकपॅसिटरमध्ये रासायनिक क्रिया होत नाही असं तुम्ही लिहिलं. मग वीज साठते कुठे? आणि धागेच का? कोळशाची पूड का नाही चालत?

बाळा, पूड चालते. आज बाजारातले जवळपास सगळे सुपरकपॅसिटर सक्रिय कोळशाच्या पुडीचेच असतात. ती गोष्ट आधी स्वच्छ सांगते.

वीज साठते पृष्ठभागावर. कार्बनचे दोन तुकडे क्षाराच्या द्रावणात बुडवले आणि त्यांना बॅटरी जोडली की ऋण तुकड्याकडे द्रावणातले धन आयन धावतात, धन तुकड्याकडे ऋण आयन. ते कार्बनला चिकटून ओळीने उभे राहतात. कार्बनमधला भार आणि आयनांचा भार यांच्यातलं अंतर एका नॅनोमीटरहूनही कमी असतं. हा भारांचा दुहेरी थर हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच मांडला होता. अंतर जितकं कमी आणि क्षेत्रफळ जितकं जास्त, तितकी धारिता जास्त, हे तुला पुढच्या वर्गांत शिकवतील.

क्षेत्रफळाची कमाल बघ. एक ग्रॅम सक्रिय कोळशाच्या आतल्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर १,००० ते २,००० चौरस मीटर भरतात, म्हणजे दहा ते वीस गुंठे. चिमूटभर काळ्या पुडीत! दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोफॅरड धर आणि १,००० चौरस मीटरचा गुणाकार कर. एका ग्रॅमला १०० फॅरड येतात. वहीत करून बघ, शून्यं मोजताना घाई करू नकोस.

सच्छिद्र कार्बनचा पहिला असा कपॅसिटर अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकनं १९५७ मध्ये पेटंट केला. तो बाजारात रुळायला मात्र दोन दशकं गेली. जपानच्या एनईसीनं १९७८ च्या सुमारास 'सुपरकपॅसिटर' या नावानं तो विकायला काढला.

आता धाग्यांबद्दल. पूड जागेवर बसवायची तर चिकटवणारं द्रव्य घालावं लागतं, आणि कणाकणांतून वीज वाहावी म्हणून वर काजळी. चिकटद्रव्य वीज साठवत नाही, उलट काही छिद्रं बुजवतं. धागा अखंड असतो, त्यामुळे विजेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाट मिळते. दुसरी गोष्ट आयनांची. कोळशाचा जाड कण म्हणजे नागपूरची आपली जुनी, बोळाबोळांची इतवारी. आत जागा भरपूर, पण बोळातून बोळात वळत शेवटच्या घरी पोचायला वेळ फार. धागा इतका बारीक असतो की कुठलंही घर घेतलं तरी मोठा रस्ता दोन पावलांवर. म्हणून धाग्यांचा इलेक्ट्रोड झटकन भरतो आणि झटकन रिकामा होतो.

तुझ्या वयाच्या मुलीला आवडेल अशी आणखी एक गोष्ट. आयन द्रावणात एकटा फिरत नाही, भोवती द्रावकाच्या रेणूंचा गराडा घेऊन फिरतो. त्यामुळे फार बारीक छिद्रं वाया जातात असं पूर्वी मानत. २००६ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी मिळून दाखवलं की एका नॅनोमीटरहून लहान छिद्रांत धारिता उलट वाढते, कारण आत शिरताना आयन तो गराडा बराचसा बाहेर सोडतो आणि भिंतीच्या अधिक जवळ जातो. पाठ्यपुस्तकात पक्कं मानलेलं असं मोजमापानं बदलतं, म्हणून मला हा विषय इतका आवडतो.

प्रश्न : धरमपेठेत राहतो, वय ७४. इन्व्हर्टरला सुपरकपॅसिटर लावला तर बॅटरी कधीच बदलावी लागणार नाही असं ऐकलं. खरं का?

काका, इन्व्हर्टरला वीज तासन्‌तास पुरवायची असते आणि त्याआधी कित्येक दिवस नुसती धरून ठेवायची असते. सुपरकपॅसिटरला दोन्ही जमत नाही. वर रिक्षाचा हिशेब दिलाय, तोच इथे लागू. शिवाय भरून ठेवलेला सेल आपोआप गळत जातो, काही दिवस-आठवड्यांत बराच उतरतो. आणि उष्णता. दर दहा अंशांनी तापमान वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. ३५ अंशांना जो सेल दहा वर्षं टिकेल तो ४५ अंशांना पाचच टिकेल. जिन्याखालच्या किंवा गच्चीवरच्या खोलीत मे महिन्यात काय तापमान असतं ते तुम्हाला सांगायला नको. आहे ती ट्युब्युलर बॅटरीच सांभाळा.

सुपरकपॅसिटर तिथे शोभतो जिथे काही सेकंदांचंच काम असतं पण ते चुकून चालत नाही. एअरबस ए-३८० विमानाची आणीबाणीची दारं उघडायला तो आहे, पवनचक्कीची पाती वाऱ्यातून वळवायला आहे. शांघायमध्ये २००६ पासून थांब्याथांब्यावर चार्ज होणाऱ्या बस त्यावर धावल्या, कारण तिथे पुढचा थांबा जवळच असतो.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे. एक विक्रेता इलेक्ट्रोस्पिनिंगचं, म्हणजे विजेच्या जोरावर द्रावणातून बारीक धागे ओढण्याचं, मशीन घ्या म्हणतोय. त्याच्या अहवालात नॅनोफायबरचा आकडा 'प्रतिग्रॅम ३०० फॅरड' आहे. बाजारातल्या कोळशाचा १०० आहे म्हणे. तिप्पट फरक असेल तर कर्ज काढून घ्यावं का?

या आकड्यावर कर्ज काढू नका. हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कागदपेन्सिल घेऊन बसा.

३०० हा आकडा बहुधा एकट्या इलेक्ट्रोडचा असणार, आम्ल किंवा अल्कलीच्या पाण्यातल्या द्रावणात मोजलेला. सेलमध्ये इलेक्ट्रोड दोन असतात, आणि एकामागे एक जोडलेले. दोन सारखे कपॅसिटर असे जोडले की धारिता निम्मी होते आणि वजन दुप्पट. म्हणजे प्रतिग्रॅम आकडा एका झटक्यात चौथाई. ३०० चे झाले ७५. पाण्याचं विघटन १.२३ व्होल्टला सुरू होतं, त्यामुळे तिथे आपण सुरक्षितपणे १ व्होल्ट धरू. ऊर्जा येते ग्रॅमला ३७ ज्यूल, म्हणजे इलेक्ट्रोडच्या किलोमागे सुमारे १० वॅट-तास.

आता बाजारातला 'गरीब' कोळसा घ्या. १०० चे चौथाई २५. पण तो सेंद्रिय द्रावणात २.७ व्होल्टला चालतो, आणि सूत्रात व्होल्टेजचा वर्ग आहे. ग्रॅमला ९१ ज्यूल, किलोमागे २५ वॅट-तास. तिप्पट आकडेवाला अडीच पट मागे पडला. विक्रेत्यानं खोटं काहीच सांगितलेलं नाही, आणि तरी तुमचं कर्ज बुडालं असतं.

इथेच संपत नाही. प्रयोगशाळेतली चादर पातळ असते. चौरस सेंटिमीटरला एखादा मिलिग्रॅम कार्बन, कधी त्याहूनही कमी. कारखान्यातल्या इलेक्ट्रोडवर तो साधारण दहा मिलिग्रॅम असतो. चादर स्वतः वीज वाहते हे खरं, तरी मोठ्या सेलमध्ये करंट टर्मिनलपर्यंत न्यायला ॲल्युमिनियमची फॉइल लागतेच. वीस मायक्रॉन फॉइलचं वजन चौरस सेंटिमीटरला ५.४ मिलिग्रॅम भरतं. एक मिलिग्रॅम कार्बनसाठी पाच मिलिग्रॅम फॉइल! चादरीतल्या मोकळ्या जागेत द्रावण भरतं, त्याचंही वजन. वर सेपरेटर (दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा पडदा) आहे, डबा आहे. युरी गोगोत्सी आणि पॅट्रिस सिमों या दोन नामवंत शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हेच बजावलं होतं, की पातळ थराचे प्रतिग्रॅम आकडे अख्ख्या सेलबद्दल दिशाभूल करतात. तरीही ते आकडे जाहिरातींत आणि बातम्यांत तसेच फिरत राहतात, आणि त्याची किंमत तुमच्यासारखे लोक मोजतात. याचा मला मनापासून राग येतो.

आता मशीनचा हिशेब. एका सुईतून तासाला साधारण एक मिलिलिटर द्रावण जातं, त्यात दहा टक्के पॉलिमर. म्हणजे तासाला ०.१ ग्रॅम धागा. भट्टीतून निघेपर्यंत त्याचा निम्मा उरतो, ०.०५ ग्रॅम कार्बन. वरच्या हिशेबाने ३००० फॅरडच्या एका सेलला १२० ग्रॅम कार्बन लागतो. भागाकार करा : २,४०० तास. एका सुईनं दिवसरात्र चालवून एका सेलला शंभर दिवस. बिनसुईची, फिरत्या रोलरची मशीनं याच्या कितीतरी पट माल काढतात. तेव्हा तुमचा पहिला प्रश्न 'भट्टीतून निघालेला तयार कार्बन तासाला किती ग्रॅम?' हाच हवा.

दुसरा प्रश्न द्रावकाचा. तेवढ्या एका सेलसाठी दोन किलोहून जास्त डीएमएफ (पॉलिमर विरघळवणारं डायमिथाइल फॉर्मामाइड) हवेत उडणार. ते परत गोळा करणारी यंत्रणा किमतीत धरली आहे का? भट्टीच्या धुराचं काय? प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेताना हे सगळं विचारलं जाईल, आणि विचारलं जायलाच हवं.

मग सेलबद्दल विचारा. दोन इलेक्ट्रोडचा पूर्ण सेल दाखवा, चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम ते सांगा, पूर्ण व्होल्टेजला ६५ अंशांवर १,५०० तास ठेवून नंतर धारिता किती उरली त्याचा तक्ता द्या. चांगले उत्पादक ही चाचणी करतातच. विक्रेता नुसते 'दहा हजार सायकल' दाखवत असेल तर समाधान मानू नका. भरणं-उपसणं कार्बनला जड जात नाही, गरम हवेत भरलेल्या अवस्थेत दीर्घकाळ उभं राहणं जड जातं. अहवाल घेऊन नागपुरातल्या व्हीएनआयटी किंवा एलआयटी या तंत्रशिक्षण संस्थांमधल्या विद्युतरसायनाच्या जाणकाराशी एकदा बोला. देशात या क्षेत्रात हालचाल नक्की आहे. केरळात कन्नूरला केल्ट्रॉनने इस्रोच्या तंत्रज्ञानाच्या आधारे सुपरकपॅसिटरचं उत्पादन २०२४ मध्ये सुरू केलं. तेव्हा विषय सोडून द्या असं मी म्हणत नाही. धाग्यांची चादर जिथे खरोखर पुढे आहे, म्हणजे वाकणारे पातळ सेल, फार वेगानं भरणं-उपसणं, किंवा मँगनीज ऑक्साइडसारख्या पदार्थाचा थर चढवायला सांगाडा म्हणून, तिथलं गिऱ्हाईक आधी शोधा आणि मग मशीन.

प्रश्न : मी विद्यापीठात एम.एस्सी. करतोय. पॅन म्हणजे पॉलिॲक्रिलोनायट्राइल डीएमएफमध्ये विरघळवून इलेक्ट्रोस्पिनिंग करतो. जानेवारीत धागे सुरेख येत होते. एप्रिलपासून सुई सारखी चोंदते, धाग्यांवर मणी दिसतात आणि भट्टीतून चादर काढली की हातात चुरा येतो. द्रावण तेच, व्होल्टेज तेच. काय बिघडलं असेल?

तुमच्या खोलीच्या खिडकीला कूलर आहे का? असणारच. तो बंद करून एक चादर काढून बघा.

बाहेर एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठणठणीत असते, पण कूलर खोलीत दमट हवा ओततो. पॅनला पाण्याचं वावडं आहे. द्रावणाचा एक थेंब पाण्याच्या चंचुपात्रात टाकून बघा. क्षणात पांढरी रबरासारखी गुठळी होते. तेच सुईच्या टोकाशी होतंय, फक्त सावकाश. दमट हवेतली वाफ थेंबावर बसते, वर साय धरते आणि सुई चोंदते. शिवाय कूलरचा झोत उडत्या धाग्याला सरळ राहू देत नाही.

आणि 'द्रावण तेच' हे तितकंसं खरं नाही. जानेवारीतल्या २० अंशांना जे द्रावण मधासारखं ओढलं जायचं ते ४० अंशांना पातळ होतं. पातळ द्रावणाचा प्रवाह पृष्ठताणामुळे थेंबाथेंबांत तुटू बघतो, त्याचेच मणी होतात. आठ टक्क्यांचं द्रावण असेल तर नऊ-दहावर न्या. डीएमएफची बाटली वारंवार उघडली असेल तर तिनंही हवेतलं पाणी ओढलेलं असतं, नवी उघडा. पॅनची पूड ६० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून घ्या.

मशीनभोवती ॲक्रिलिकची पेटी करून घ्या, आत सिलिका जेल ठेवा आणि एक साधा आर्द्रतामापक. तीस ते चाळीस टक्क्यांत काम छान होतं. वहीत व्होल्टेजच्या शेजारी तापमान आणि आर्द्रतेचा रकाना आखा, नाहीतर जुलैत पुन्हा हाच प्रश्न पडेल.

सुईचं टोक पाहायची सवय लावा. बाजूनं प्रखर दिवा लावा, मागे काळा कागद. पंप तासाला एक मिलिलिटर, अंतर १५ सेंटिमीटर, १५ ते १८ किलोव्होल्ट. थेंबाचा लहान शंकू होतो, त्याच्या शेंड्यातून एकच बारीक धार निघते, थोडं अंतर सरळ जाते आणि मग वेटोळी घेत सुटते. शंकू स्थिर असेल तर धागे चांगलेच येणार. थेंब लोंबकळून टपकत असेल तर पंप कमी करा किंवा व्होल्टेज थोडं वाढवा. शंकू सुईच्या आत ओढला जात असेल तर व्होल्टेज जास्त आहे.

चुऱ्याचं कारण भट्टीत आहे, बहुधा पहिल्या टप्प्यात. हवेत २८० अंशांपर्यंत नेताना मिनिटाला एकच अंश वाढवायचा, आणि तिथे तास-दोन तास थांबायचं. या टप्प्यात पॅनच्या साखळ्या कड्याकड्यांनी जुळून शिडीसारख्या होतात, आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. घाई केली की ती उष्णता साठते, धागे वितळून एकमेकांना चिकटतात. पांढरी चादर पिवळी होते, मग तपकिरी, मग काळी. ब्लेडनं कापून कडेकडे भिंगातून पाहा. मध्ये तपकिरी पट्टा दिसला तर काम अर्धवट आहे. चिमट्यात छोटा तुकडा धरून काडी लावा : नीट तयार झालेला तुकडा ना वितळतो ना पेट घेतो.

चादर आकसते, म्हणून ती कलेक्टरच्या (धागे ज्यावर जमा होतात त्या पाट्याच्या) फॉइलवरून आधीच सोडवून दोन सिरॅमिक किंवा ग्रॅफाइटच्या पट्ट्यांत हलकी दाबून ठेवा. फॉइलसकट पुढच्या टप्प्यात घालू नका, ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पुढचा टप्पा नायट्रोजनमध्ये, ८०० ते ९०० अंश. तापवण्याआधी अर्धा तास नळीतून नायट्रोजन वाहू द्या आणि नंतर २०० अंशांखाली येईपर्यंत उघडू नका. चादरीचं वजन आधी आणि नंतर करा. सुरुवातीच्या साधारण निम्मं उरायला हवं. पाव उरलं तर कुठूनतरी हवा आत शिरतेय आणि तुमचा कार्बन जळून जातोय.

आता एक गोष्ट हात जोडून सांगते. पॅन तापवताना हायड्रोजन सायनाइड वायू बाहेर पडतो. भट्टीचा धूर खोलीत सोडायचा नाही, नळीचं तोंड अल्कलीच्या द्रावणातून धुराड्याच्या कपाटात गेलं पाहिजे. डीएमएफ त्वचेतून शरीरात शिरतं आणि यकृताला इजा करतं. साधे पातळ हातमोजे त्याला फार वेळ अडवत नाहीत, ब्यूटिल रबरचे घ्या. धुराडं बिघडलेलं असेल तर प्रयोग थांबवा आणि विभागप्रमुखांना लेखी द्या. प्रकल्प महिनाभर लांबला तरी चालेल.

प्रश्न : हिंगणघाटला शाळेत विज्ञान शिकवते. आपल्या कापसापासून किंवा संत्र्याच्या सालींपासून असे इलेक्ट्रोड होतील का? मुलांना वर्गात काही करून दाखवता येईल का?

ताई, कापसाचा कार्बन धागा करण्याची कल्पना विजेच्या दिव्याइतकीच जुनी आहे. एडिसननं १८७९ मध्ये जो दिवा तासन्‌तास पेटता ठेवला त्याची तार म्हणजे जाळून कार्बन केलेला कापसाचा शिवणदोरा होता. कापसापासून इलेक्ट्रोड होतो. मात्र कापसाचा तंतू १२ ते २० मायक्रॉन जाड, नॅनोफायबर पाव ते अर्धा मायक्रॉन. शिवाय सेल्युलोजचा कार्बन होताना वजन निम्म्याहून बरंच खाली येतं. सेल्युलोज सहज विरघळतही नाही, म्हणून संशोधक सेल्युलोज ॲसिटेटचा वळसा घेतात. मला स्वतःला लिग्निनमध्ये जास्त आशा वाटते. कागद गिरणीत लाकडातून ते वेगळं होतं आणि बहुतेक जाळलंच जातं, आणि त्यापासून नॅनोफायबर काढता येतात. बल्लारपूरसारखी कागद गिरणी आपल्या विदर्भातच आहे.

संत्र्याची साल आणि पऱ्हाटी यांचा सक्रिय कोळसा चांगला होतो, पण तो पुडीच्या रूपात. अडचण राखेची, म्हणजे सालीतल्या पोटॅशियम-कॅल्शियमची. ती धुवून काढावी लागते आणि बागेगणिक, हंगामागणिक तिचं प्रमाण बदलतं. सक्रिय करायला कोळशाच्या दुप्पट-चौपट पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं, ते शाळेत अजिबात नको.

वर्गासाठी हे करा. मत्स्यालयाच्या दुकानातला सक्रिय कोळसा खलात बारीक कुटा. मिठाच्या दाट पाण्यात भिजवून त्याचे दोन लगदे करा, मध्ये गाळणकागद, आणि प्रत्येक लगद्यात दोन्ही टोकं तासलेली एक पेन्सिल खोचा. तांब्याची तार पाण्यात बुडवू नका, ती गंजते आणि मोजमाप बिघडवते. असे दोन सेल करून एकामागे एक जोडा आणि दीड व्होल्टच्या एका सेलवर पाच मिनिटं भरा. दोन घेतले की प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण व्होल्ट येतं, पाणी-मीठ फुटत नाही, क्लोरीन सुटत नाही. मग दीड व्होल्टचा सेल काढून तुमच्या दोन सेलच्या जोडीला १,००० ओहमचा रोध लावा आणि मल्टिमीटरचा आकडा दर दहा सेकंदांनी मुलांना लिहू द्या. आलेख काढून घ्या. नंतर हाच प्रयोग कोळसा न घालता, नुसत्या पेन्सिली मिठाच्या पाण्यात ठेवून करा. या वेळी पहिली नोंद लिहायच्या आतच आकडा घसरलेला असेल. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढायला सांगा, आणि मधला फरक कशामुळे ते मुलांनाच सांगू द्या.